तारेतली घुरघूर आणि आदिलाबादचा आवाज

आदिलाबाद जिल्ह्यातले परधान गायक घरात मराठी बोलतात आणि किंगरी हातात घेतली की गोंडीत गातात. गोंडांच्या प्रत्येक सग्याची, म्हणजे कुळसमूहाची, उत्पत्तिकथा, पेरसा पेन या कुलदैवताचा महिमा, कुळांची वंशावळ हे सारे त्यांच्या गळ्यात आणि त्या तीन तारांच्या वाद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आता लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि दोन मायक्रोफोन एवढ्या साहित्यावर हे गाणे कुणालाही नोंदवून ठेवता येते. अशा घरगुती नोंदींमध्ये मात्र एक दोष सर्रास सापडतो. गाण्याच्या खाली एक मंद, न थांबणारी घुरघूर असते. ती आली की नेहमीचे निदान ठरलेले: इंटरफेस स्वस्तातला आहे, केबल चांगल्या कंपनीची नाही, नवी घ्या. या लेखाचे म्हणणे असे आहे की हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. घुरघूर येते ती विजेच्या परतीच्या वाटेतून. दोन प्रवाहांनी एकच परतीची वाट वापरली की एकाची धूळ दुसऱ्याच्या अंगावर बसते. ही गोष्ट तारेच्या धंद्यात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे आणि तिचा उपायही तेवढाच जुना आहे. मग तो विसरला कसा गेला आणि आदिलाबादसारख्या जिल्ह्यात त्या विसरण्याची किंमत जास्त का पडते, हे पाहायला हवे.

सुरुवात तारायंत्रापासून करावी लागते. 1838 मध्ये स्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले की तारायंत्राला दोन तारा लागत नाहीत. एक तार पुरते, परतीचे काम जमीन करते. पुढच्याच वर्षी कलकत्त्याजवळ विल्यम ओशॉनेसीने आपल्या प्रयोगात हुगळीचे पाणीच वाहक म्हणून वापरले. तारेचा निम्मा खर्च वाचत होता, त्यामुळे जमिनीतून परत ही पद्धत जगभर रुळली. तारायंत्राला ती चालूनही गेली, कारण तिथे ऐकायचे होते ते फक्त टकटक. 1876 मध्ये टेलिफोन आला तो याच एकेरी तारांवर. 1882 च्या जानेवारीत मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. तारेतून आता माणसाचा आवाज जाऊ लागला आणि जमिनीतून चाललेले सगळे त्या आवाजात ऐकू येऊ लागले. शेजारच्या तारेवरचा तारायंत्राचा खडखडाट, आकाशातल्या विजेचा कडकडाट, आणि 1888 मध्ये अमेरिकेत रिचमंड शहरी विजेच्या ट्राम धावू लागल्यावर त्यांची अखंड घरघर. ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जायचा, रुळांतून जमिनीत झिरपायचा आणि तीच जमीन टेलिफोनची परतीची वाट होती.

यावर टेलिफोन कंपन्यांनी फोनयंत्र बदलले नाही, वाट बदलली. जमीन सोडून परतीसाठी स्वतंत्र दुसरी तार टाकली. खर्च दुप्पट झाला, कंपन्यांच्या मालकांनी कुरकुर केली, पण 1890 च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर हे परिवर्तन झाले. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने 1881 मध्येच याच्या पुढची पायरी गाठून पेटंट घेतले होते. दोन्ही तारा एकमेकींभोवती पीळ देऊन न्यायच्या. पिळामुळे बाहेरचे चुंबकी क्षेत्र एका वेढ्यात एका दिशेने प्रवाह उभा करते, तर लगतच्या वेढ्यात उलट दिशेने, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. शेवटी रोहित्र किंवा तत्सम साधन दोन तारांमधला फरक तेवढा उचलते. दोन्हींवर सारखे आलेले ते सोडून देते. माणसाचा आवाज हा फरक असतो, घुरघूर ही दोन्हींवर सारखी असते. आजच्या बॅलन्स्ड मायक्रोफोन केबलमध्ये याहून वेगळे मूलतत्त्व काहीच नाही.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात तर याचा आणखी स्पष्ट पुरावा आहे. 1902 मध्ये फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे नोंदवले तेव्हा गाण्याच्या वाटेत वीज कुठेच नव्हती. गायिका कर्ण्यात गायची, कर्ण्याच्या तळाची चकती थरथरायची आणि सुई मेणावर रेघ काढायची. त्या तबकड्यांत खरखर आहे, आवाज चिरका आहे, पण विजेची घुरघूर नाही. ती शक्यच नव्हती. 1925 मध्ये मायक्रोफोन आणि विजेवरचे मुद्रण आले आणि त्याच दारातून घुरघूर आत आली. आवाज कितीतरी पटींनी गोड झाला हे खरे, पण त्या दिवसापासून प्रत्येक स्टुडिओला तारेची शिस्त शिकावी लागली.

ही शिस्त भारतात रेडिओने आणली. 1927 च्या जुलैत मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. 1936 मध्ये गॉयडर हे ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता झाले आणि केंद्रे उभारण्याची एक पद्धत घडली. स्टुडिओतल्या तारा जोडीने, पीळ देऊन; लांबच्या जोडण्यांना रोहित्र; विजेच्या मोठ्या तारा आणि आवाजाच्या तारा वेगवेगळ्या मार्गांनी; आणि साऱ्या उपकरणांची अर्थिंग एकाच ठरलेल्या ठिकाणी एकत्र. आदिलाबाद तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. निजामाच्या सरकारचा डेक्कन रेडिओ हैदराबादहून उर्दूच्या जोडीला मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलत असे; 1 एप्रिल 1950 रोजी तो ऑल इंडिया रेडिओत विलीन झाला. खुद्द आदिलाबादला आकाशवाणीचे केंद्र 1986 मध्ये आले आणि गोंडी, कोलामी बोलणाऱ्यांना आपली भाषा रेडिओवर ऐकू येऊ लागली. केंद्राच्या भिंतींच्या आत गायक बसला की तारेची काळजी प्रशिक्षित अभियंत्याची असे. गायकाने गायचे, कार्यक्रम अधिकाऱ्याने ऐकायचे. अर्थिंगचे ज्ञान संस्थेच्या पोटात होते, तिच्याबाहेर ते कुणाला असण्याची गरजच नव्हती.

माझ्या मते गफलत इथेच झाली. 1996 मध्ये यूएसबी आले, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तळहाताएवढे ऑडिओ इंटरफेस बाजारात आले, आणि स्टुडिओचे अर्धे यंत्रसाहित्य घरोघर पोहोचले. यंत्र पोहोचले, शिस्त पोहोचली नाही. इंटरफेसच्या खोक्यात मायक्रोफोन कसा जोडावा याचे चित्र असते. लॅपटॉपचा चार्जर, स्पीकरचा प्लग आणि अँप्लिफायर ही तिन्ही कुठे लावावीत याचे नसते. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन कंपन्यांनी जी अडचण भोगली तीच आता एका खोलीत, एका टेबलावर पुन्हा उभी राहते.

मायक्रोफोनची चांगली केबल उघडून पाहिली की हा इतिहास डोळ्यांना दिसतो. बाहेरचे रबरी साल सोलले की तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी लागते. जाळी बाजूला सारली की आत दोन रंगांच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. कनेक्टरच्या तीन पिनांपैकी दुसरी आणि तिसरी या दोन तारांसाठी, पहिली जाळीसाठी. आवाज फक्त दोन आणि तीनवरून जातो. जाळीचे काम बाहेरचे विद्युत क्षेत्र अंगावर घेणे. पन्नास हर्ट्झच्या चुंबकी क्षेत्राला जाळी फारशी अडवत नाही, ते काम पिळाचे आणि अंतराचे. आता महत्त्वाची गोष्ट अशी की जाळीवर आलेला कचरा यंत्राच्या धातूच्या पेटीवर, दारातच उतरायला हवा. कित्येक यंत्रांमध्ये पहिली पिन पेटीला न जोडता आतल्या सर्किट बोर्डाच्या सामाईक पट्टीला जोडलेली असायची. मग जाळीवरचा प्रवाह थेट आवाजाच्या संदर्भपट्टीवरून वाहायचा. नील मन्सी या अभियंत्याने 1995 मध्ये हा दोष सविस्तर मांडला, तो ‘पिन वन’ची समस्या म्हणून ओळखला जातो, आणि ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीने 2005 मध्ये त्यावर मानक काढले. मांडणी विसाव्या शतकाच्या शेवटची, पण दुखणे तेच: आवाज आणि कचरा यांची परतीची वाट एक.

टेबलावर हे कसे घडते? लॅपटॉपचा चार्जर बऱ्याचदा दोन पिनांचा असतो. त्याच्या आतल्या कपॅसिटरांमधून थोडा प्रवाह सतत गळतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवले की जाणवणारी झिणझिण हीच. या प्रवाहाला घरी परतायचे असते. लॅपटॉपला यूएसबीने इंटरफेस जोडलेला, इंटरफेसला केबलने स्पीकर, आणि स्पीकर तीन पिनांच्या प्लगने अर्थिंगला. गळती मग यूएसबीच्या जाळीतून, ऑडिओ केबलच्या जाळीतून स्पीकरकडे चालते. केबल साध्या मोनो जॅकची असेल तर तिच्यात जाळी हीच परतीची तार असते, म्हणून गळती आवाजात मिसळते. पन्नास हर्ट्झची गोल, जाड घूं बहुतेक रोहित्र किंवा मोटारीच्या चुंबकी क्षेत्राची असते. शंभर हर्ट्झची आणि तिच्या पटींची टोकदार भुणभुण अर्थिंगच्या फेऱ्याची (ग्राउंड लूपची) किंवा वीजपुरवठ्याची असते. बारीक शिट्टी ऐकू आली आणि माउस हलवला की ती बदलली, तर ती संगणकाच्या पोटातली. यूएसबीचा व्यवहार मिलिसेकंदाच्या ठोक्यावर चालतो, त्यामुळे ती अनेकदा हजार हर्ट्झवर सापडते. मोबाइल जवळ असताना येणारी तडतड वेगळी, जीएसएम फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा धडका देतो तिची. कान लावला तर दोष स्वतःच आपले गाव सांगतो.

आदिलाबादच्या मातीने यात भर घातली आहे. जिल्ह्याचा मोठा भाग कापसाच्या काळ्या मातीचा. पावसात ती पाणी धरते, तेव्हा तिच्यात पुरलेली अर्थिंगची पट्टी चांगली काम करते. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, पट्टीपासून सुटते, आणि अर्थिंगचा रोध वाढतो. कोळसा आणि मिठाचे थर देऊन भरलेला खड्डा आणि त्यावर अधूनमधून पाणी ओतायला नळी, ही जुनी पद्धत याच अडचणीसाठी होती. भारतीय मानक 3043 मध्ये अर्थिंगचे नियम तपशिलाने दिले आहेत. पण नियम पुस्तकात आणि तिसरी पिन भिंतीत, अशी बऱ्याच घरांची स्थिती आहे. बोर्डाला तीन भोके असतात, मागे अर्थिंगची तार आलेलीच नसते. मग चार्जर, दिवा, स्पीकर या सगळ्यांची गळती जमिनीत जाण्याऐवजी आवाजाच्या केबलमधून एकमेकांकडे जाते. यावर साउंडवाले कधीकधी उपाय म्हणून ‘आपले वेगळे अर्थिंग’ ठोकतात: अंगणात एक सळई, तिला मिक्सरची तार. हा उपाय म्हणजे रिचमंडची चूक पुन्हा करणे होय. दोन सळयांच्या मधली जमीन कधीच एका पातळीवर नसते, घराची गळती तिच्यातून वाहत असते, आणि तो फरक सगळाच्या सगळा ऑडिओ केबलवर येतो. शिवाय घराच्या अर्थिंगशी न जोडलेली अशी सळई जिवालाही धोक्याची.

जुन्या टेलिफोन अभियंत्याची रीत वापरली तर घरातला शोध अर्ध्या तासाचा असतो. आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. घुरघूर गेली तर गुन्हेगार सापडला आणि नोंद होईपर्यंत बॅटरीवरच काम करायचे. गेली नाही तर इंटरफेसची सगळी जोडणी काढून फक्त हेडफोनने ऐकायचे आणि मग एकेक केबल परत लावत जायचे. ज्या केबलला आवाज उठतो तिच्या दोन्ही टोकांची यंत्रे फेऱ्यात आहेत. सगळे प्लग एकाच पट्टीत, आणि ती पट्टी अर्थिंग खरोखर असलेल्या एकाच बोर्डात. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत स्टिरिओ जॅकची बॅलन्स्ड केबल, तेही जमत नसेल तर मधे रोहित्राची डबी. विजेची वायर आणि माइकची वायर समांतर न नेता अंतरावर ठेवायच्या, ओलांडायच्याच तर काटकोनात. पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर बंद. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही: प्लगची अर्थिंगची पिन कापणे. घुरघूर थांबते हे खरे, पण यंत्रात बिघाड होऊन पेटीवर 230 व्होल्ट आले तर परतीची वाट उरते ती माइक धरलेल्या माणसाच्या छातीतून. या उपायाचा सल्ला देणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी त्याचे ऐकू नये.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की आता सॉफ्टवेअर घुरघूर काढून टाकते, मग तारेचा इतका विचार कशाला? सॉफ्टवेअर काढते, पण सोबत काय नेते ते पाहावे. घुरघूर शंभर, दीडशे, दोनशे हर्ट्झवर बसलेली असते आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया नेमका तिथेच असतो. ढोलाचे बळ तिथेच असते. त्या जागा कापल्या की गाणे पोकळ होते. गोंडी आणि कोलामीत ‘ए’ आणि ‘ओ’चे ऱ्हस्व-दीर्घ भेद अर्थ बदलतात, शब्दाच्या शेवटचे हलके व्यंजन, श्वास, किंगरीच्या गजाची सुरुवात या सगळ्या दबक्या गोष्टी सफाईत आधी जातात. भाषेच्या अभ्यासकाला त्याच हव्या असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: 1902 च्या तबकड्या खरखरीत असूनही अनमोल आहेत, मग दोषासकट नोंद झाली तर काय बिघडले? नोंद न होण्यापेक्षा सदोष नोंद शंभर पटींनी बरी, हे मान्यच करायला हवे. घुरघूर आहे म्हणून म्हाताऱ्या गायकाला थांबवू नये. पण गाइसबर्गची खरखर त्या काळच्या साधनांची मर्यादा होती, तिला पर्याय नव्हता. आजची घुरघूर चार्जर काढल्याने जाते. टाळता येणाऱ्या दोषाला मर्यादेचा मान देता येत नाही.

मोबाइलवर नोंदवा, केबलच नको, असेही म्हटले जाते. यात तथ्य आहे, आणि ते माझ्याच मुद्द्याला बळ देते. बॅटरीवरच्या फोनला जमिनीची वाटच नसते, म्हणून फेरा होत नाही. स्टेफान कुदेल्स्कीचे नाग्रा हे टेपयंत्र 1951 पासून क्षेत्रकार्य करणाऱ्यांच्या खांद्यावर गेले ते हलकेपणासाठी, पण बॅटरीमुळे घुरघुरीतून सुटका हा त्याचा मोठा लाभ होता. मात्र फोनचा माइक लांबचा गायक, जवळचा ढोल आणि मागची गर्दी सारख्याच हावरेपणाने उचलतो आणि आवाजाची पातळी आपल्या मनाने वरखाली करतो. किंगरी आणि गळा वेगवेगळे ऐकू यायचे असतील तर दोन चांगले माइक आणि इंटरफेस लागतोच, आणि मग तारही आली.

आदिलाबादच्या बाबतीत ही काळजी अधिक कशासाठी, तर इथला शब्द कागदावर उशिरा आला. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात हैदराबाद संस्थान नव्हते. 1940 मध्ये जोडेघाटला गोंड नेता कोमरम भीमाचा लढा झाल्यावर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फना अभ्यासाला बोलावले. मार्लवाईला 1943 मध्ये गोंड शिक्षण योजना सुरू झाली आणि गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. सेतुमाधवराव पगडींसारखा मराठी अधिकारी उतनूर भागात काम करताना गोंडी आणि कोलामी शिकला आणि त्या लोकांविषयी लिहून गेला. 1956 मध्ये राज्यांची सीमा फिरली, किनवट आणि राजुरा आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला आले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. पण परधानाची मराठी आणि गोंडाची गोंडी सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. नारनूर मंडळातल्या गुंजाळ गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे तिथल्या गोंडी लिपीला 2018 मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. लिपी वाचली, ती कागदावर होती म्हणून. चाल, ठेका आणि उच्चार कागदावर राहत नाहीत. मार्लवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना 2021 चा पद्मश्री मिळाला, 2024 मध्ये ते गेले. त्यांच्या पिढीच्या आवाजाची जी नोंद आज होईल तीच पुढे राहणार आहे.

म्हणून उतनूर, इंद्रवेल्ली, किनवट, जिवती इथे शाळांत, महाविद्यालयांत, घरांत हे काम हौसेने करणाऱ्यांना एवढेच सांगणे: केस्लापूरच्या नागोबा जत्रेत किंवा दिवाळीच्या दंडारीत माइक मांडण्यापूर्वी नवा इंटरफेस घेण्याचा विचार बाजूला ठेवा. आधी गावातल्या वायरमनला बोलावून ज्या बोर्डातून वीज घेणार त्याची अर्थिंग मोजून घ्या, नसेल तर दुरुस्त करून घ्या, आणि गायक समोर बसण्याआधी रिकाम्या खोलीची एक मिनिट नोंद करून हेडफोनवर शेवटपर्यंत ऐका.